बाग विटाळाने सुकत नाही

परसातली वांगी, टोमॅटो सुकू लागले की पहिला संशय कुणावर? घरातल्या बाईवर! ‘पाळीत हात लागला असेल,’ हे वाक्य शिकलेल्या घरांतूनही ऐकू येते. रोपाला विटाळ कळत नाही. पाणी, खत आणि ऊन कळते.

सोलापूरची काळी माती वरून भेगाळते, पण खाली ओल धरून ठेवते. त्यात रोज पाणी ओतले तर मुळे गुदमरून कुजतात. म्हणून आधी बोटभर माती उकरून पाहा. ओल असेल तर थांबा. मातीवर पांढरा थर आला असेल तर बहुधा बोअरच्या पाण्यातले क्षार साचले आहेत. कुजलेले शेणखत मिसळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, टोमॅटोची फुले उष्णतेनेच गळतात. दुपारी जुन्या साडीची सावली करा, बुंध्याशी उसाचे पाचट पसरा. माव्यावर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. उन्हाळ्यात गवार, भेंडी घ्या.

२८ सप्टेंबर २०१८ च्या शबरीमला निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी मासिक पाळीवरून स्त्रीला वगळणे हा अस्पृश्यतेचाच प्रकार मानला, घटनेच्या १७ व्या कलमाच्या आधाराने. मग हे कलम आपल्या परसाच्या कुंपणाशी का अडावे? बागेला पाणी घालणारी बहुधा तीच असते. पाच दिवस तिला दूर ठेवले तर रोपे सुकतील नाही तर काय?

१९२७ साली महाडला पाण्याचा विटाळ मोडणाऱ्यांच्या वारसांनी मातीचा विटाळ पाळावा, हे शोभत नाही.