वारा पडला, तरी लाटा येतातच

कोकणात शाळेची सहल गेली, की किनाऱ्यावर एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, वारा तर अजिबात नाही. मग एवढ्या मोठ्या लाटा कुठून येतात?" लाटा वाऱ्यामुळे तयार होतात, असे आपणच त्याला वर्गात शिकवलेले असते. तेव्हा प्रश्न रास्त आहे. उत्तर नीट समजून घेण्यासाठी आपण थोडे दूर, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील जेफ्रीज बे या गावी जाऊ. वारा आणि लाटा यांचे नाते तेथे फार स्पष्ट दिसते.

फळीवर उभे राहून लाटेच्या उतारावरून घसरत जाण्याचा खेळ, म्हणजेच सर्फिंग, यासाठी हे गाव जगप्रसिद्ध आहे. ते सुमारे ३४ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. खेळाचा हंगाम साधारणपणे मे ते सप्टेंबर, म्हणजे तेथील हिवाळ्याचा. खेळ पाण्यातला आणि हंगाम थंडीचा, हे कसे?

याचे कारण गावापासून हजार-दोन हजार किलोमीटर दक्षिणेला आहे. ४० अंशांच्या पलीकडे दक्षिण गोलार्धात पश्चिमी वाऱ्यांना जमिनीचा अडथळा जवळजवळ नसतो. भूगोलात आपण ज्यांना 'गर्जणारे चाळीस' म्हणतो, ते हेच वारे. या पट्ट्यात कमी दाबाची वादळी केंद्रे एकामागून एक पूर्वेकडे सरकत असतात. वादळाखालच्या समुद्रात लहानमोठ्या लाटांची नुसती खिचडी असते. पण तेथून बाहेर पडल्यावर लाटांची आपोआप वर्गवारी होते. एक माथा गेल्यापासून दुसरा येईपर्यंतचा काळ म्हणजे लाटेचा आवर्तकाल. खोल पाण्यात आवर्तकाल जितका जास्त, तितकी लाटांची ऊर्जा वेगाने पुढे जाते. हिशेब सोपा आहे. आवर्तकालाच्या सेकंदांना ०.७८ ने गुणले, की ऊर्जेचा वेग सेकंदाला किती मीटर ते मिळते. १४ सेकंदांच्या लाटांसाठी तो ताशी सुमारे ३९ किलोमीटर येतो आणि १० सेकंदांच्या लाटांसाठी सुमारे २८. वादळ २,००० किलोमीटरवर असेल, तर पहिल्या लाटा दोन दिवसांत पोचतील आणि दुसऱ्या तीन दिवसांत. वाऱ्याची साथ सुटल्यावरही असा प्रवास करणाऱ्या या लांब, शिस्तबद्ध लाटांना स्वेल म्हणतात. लक्षात ठेवायचे ते हे, की प्रवास ऊर्जेचा होतो. पाण्याचे कण जवळजवळ जागच्या जागीच वर्तुळात फिरतात.

हिवाळ्यात हा वादळी पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि स्वेल जोमदार होते. मात्र ती नैर्ऋत्येकडून येते, तर गावाचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. शिवाय मध्ये केप सेंट फ्रान्सिसचे भूशिर आहे. मग लाट गावाकडे वळते कशी? बैलगाडीचे एक चाक चिखलात शिरले, की गाडी त्याच बाजूला वळते. लाटेचेही तसेच आहे. तरंगलांबीच्या निम्म्याहून पाणी उथळ झाले, की लाटेला तळ जाणवू लागतो. १४ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ३०० मीटर असते, म्हणजे १५० मीटर खोलीपासूनच हा परिणाम सुरू होतो. भूशिराजवळचे टोक उथळ पाण्यात मंदावते, बाहेरचे टोक पुढे धावते आणि सगळी लाट वळते. प्रकाशाच्या वक्रीभवनाचेच हे भावंड. आखूड लाटांना तळ उशिरा जाणवतो, म्हणून त्या कमी वळतात आणि बऱ्याचशा बाहेरूनच निघून जातात.

वळून आलेली लाट किनाऱ्याला तिरपी भिडते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली, की लाट फुटते. तिरपेपणामुळे ती एकदम न फुटता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने फुटत जाते आणि खेळाडू त्या फुटणाऱ्या टोकाच्या पुढे शेकडो मीटर घसरत राहतो.

आता वारा. वादळी केंद्राची थंड आघाडी पुढे सरकली, की येथे पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून वारा सुटतो. या गावी तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो लाटेला समोरून अडवतो, त्यामुळे ती लवकर कोसळत नाही आणि तिचा उतार गुळगुळीत राहतो. म्हणजे लाटा पाठवणारी वादळेच त्यांना घडवणारा वाराही देतात! उन्हाळ्यात जास्त दाबाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, वादळे दूरून जातात आणि पूर्वेचे वारे वाढतात. ते समुद्राकडून येऊन लाटा विस्कटून टाकतात. हंगामाचे कोडे येथे सुटते.

या दक्षिणी वादळांचा आपल्याशीही संबंध आहे. त्यांची स्वेल अरबी समुद्रापर्यंत येते. ३१ मार्च २०२४ रोजी केरळच्या किनाऱ्यावर वादळ नसतानाही समुद्र वस्तीत शिरला. त्याचे मूळ आठवडाभर आधी सुमारे १०,००० किलोमीटरवर दक्षिणेत निर्माण झालेल्या वादळी केंद्रात होते. १८ सेकंदांच्या लाटांसाठी वरचा हिशेब करून पाहा, उत्तर आठ दिवसांच्या आसपास येते. केरळातील मच्छीमार अशा भरतीला 'कल्लक्कडल', म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, म्हणतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था आता तिचा आगाऊ इशारा देते. असा आगाऊ इशारा होड्या वर ओढायला आणि माणसे हलवायला उपयोगी पडतो.

पुढच्या सहलीत एक प्रयोग करावा. किनाऱ्यापासून दूर राहून, पाण्यातील एखाद्या खडकावर दोन मिनिटांत किती लाटा येतात ते विद्यार्थ्यांनी मोजावे आणि १२० ला त्या संख्येने भागावे. उत्तर पाच-सहा सेकंद आले, तर लाटा जवळच्या वाऱ्याच्या समजाव्यात. ते बारा-चौदाच्या पुढे गेले, तर त्या फार दूरच्या वादळाच्या. मग वारा पडलेला असला, तरी मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.