धोंडो : एका नावाची कुळकथा

समाजाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरखान्यांतील रुमाल उभे राहतात. परंतु एक साधन असे आहे की जे प्रत्येकाच्या घरात आहे आणि ज्याकडे कोणी साधन म्हणून पाहत नाही. ते म्हणजे माणसांची नावे. राजे बदलतात ते बखरीत लिहिले जाते. पण घरातल्या आईबापांना कशाची भीती वाटत होती, हे बखरकार लिहीत नाही. ते मुलांच्या नावांत लिहिलेले असते. असे एक नाव आज मी आपल्यापुढे ठेवतो. ते नाव म्हणजे ‘धोंडो’.

आज एखाद्या शाळेचा हजेरीपट उघडला तर अथर्व, आरव, अर्णव भेटतील. धोंडो भेटणे कठीण. भेटलाच तर तो कुणाच्या तरी पणजोबांच्या नावात, जुन्या सातबाऱ्यावर किंवा देवळाच्या पायरीवर कोरलेल्या देणगीदारांच्या यादीत. एके काळी मात्र हे नाव कोकणात, देशावर, ब्राह्मणाच्या ओटीवर आणि कुणब्याच्या पडवीत सारखेच ऐकू येत असे. मग ते गेले कुठे? आणि मुळात आले कुठून?

प्रथम शब्द पाहू. धोंडा म्हणजे दगड. शेवटचा ‘ओ’ हा आपल्या घरगुती मराठीचा. दत्तो, विठो, कोंडो, केरो, विसो या नावांत तो आहे. याच धोंड्यापासून धोंडू, धोंडीबा, धोंडजी, धोंडोपंत ही रूपे निघाली. मुलींतही धोंडी, धोंडूबाई, धोंडूताई अशी नावे होती. जयपूर-अत्रौली घराण्याच्या विख्यात गायिका धोंडूताई कुलकर्णी (१९२७-२०१४) यांच्यामुळे ते नाव संगीताच्या मैफलींत अलीकडेपर्यंत आदराने घेतले जाई.

आता प्रश्न असा की, पोटच्या मुलाला कोणी ‘दगड’ का म्हणावे? रागाने म्हणणे वेगळे. येथे तर बारशाला पाच सुवासिनी बोलावून, पाळणा सजवून, मुलाच्या कानात हे नाव सांगितले जात असे. याचे उत्तर त्या पाळण्यातच आहे. बहुधा तो पाळणा आधी एकदोनदा रिकामा झालेला असे.

ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात हे नाव ठेवीत. समजूत अशी की, सुंदर मूल आणि सुंदर नाव यांवर दृष्ट पडते. मृत्यूची नजरही तिकडेच वळते. तेव्हा मुलाला असे नाव द्यावे की घेणाऱ्याला वाटावे, येथे नेण्याजोगे काही नाही, नुसता धोंडा पडला आहे. ही मृत्यूला दिलेली हुलकावणी होती. पण तिच्या पोटात आणखी एक इच्छा होती. धोंडा टाकाऊ असतो खरा, पण तो उन्हापावसाने मरत नाही. मूल दगडासारखे टिको, ही ती इच्छा. आणि शेंदूर फासला की रस्त्याकडेच्या त्याच धोंड्याचा म्हसोबा होतो, हेही नाव ठेवणाऱ्यांना ठाऊक होते. तुच्छता, चिवटपणा आणि देवपण या तिन्ही गोष्टी एका शब्दात बसल्या होत्या.

ही भीती पोकळ नव्हती. आपल्याकडे पाचवी-सहावीची पूजा करतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहिते, असे मानतात. आजचे वैद्यक या रात्रींचा अर्थ वेगळ्या शब्दांत सांगते. बाळाची नाळ विळ्याने किंवा शिंपल्याने कापली, तिच्यावर राख वा शेण लावले, की धनुर्वाताचे जंतू शरीरात शिरत. नवजात बालकाचा धनुर्वात जन्मानंतर साधारण तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत दिसतो, आणि त्यातही पहिल्या आठवड्याच्या सुमारास त्याचा जोर अधिक. म्हणजे सटवाईची रात्र आणि धनुर्वाताचा घाला यांचा मुक्काम जवळजवळ एकच. नाव ठेवण्याचे बारसे बाराव्या दिवशी होते, ते या पहिल्या घाटातून मूल बऱ्याच अंशी पार पडल्यावर. त्यापुढे देवी, गोवर, हगवण हे घाट उभेच असत. त्यांच्यासाठी आईबापांजवळ औषध नव्हते, नाव होते.

धोंडो एकटा नाही, त्याचा मोठा गोतावळा आहे. दगडू हा तर त्याचा सख्खा भाऊ. पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपतीमुळे हे नाव जगभर गेले, पण त्यातला दगड कोणाच्या ध्यानी येत नाही. भिकू आणि भिकाजी म्हणजे देवाकडून भीक मागून आणलेला. केरू, केरो, कचरू म्हणजे केरकचऱ्यातला. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू केरूनाना छत्रे (१८२५-१८८४) यांचे नाव याच वळणाचे. काही ठिकाणी मूल खरोखरच सुपात घालून उकिरड्यापाशी ठेवीत, दुसऱ्या बाईने ते उचलावे आणि आईने तिच्याकडून मूठभर कोंडा देऊन ते ‘विकत’ घ्यावे, असा विधी असे. मग ते मूल आपले राहिले नाही, विकतचे झाले. त्याच्यावर कोण डोळा ठेवणार? महाराष्ट्राबाहेरही हाच प्रकार आढळतो. बंगालात तिनकडी आणि पाचकडी ही नावे आहेत, म्हणजे तीन किंवा पाच कवड्यांना घेतलेला. उत्तरेत घुरहू, म्हणजे उकिरड्यावरचा. तमिळनाडूत कुप्पुस्वामी, त्यातला ‘कुप्पै’ म्हणजे केर. भाषा निराळ्या, आईचे काळीज एकच.

मात्र प्रत्येक धोंडोच्या मागे मेलेली भावंडेच होती असे समजू नये. या नावात आणखी दोन ओढे येऊन मिळाले आहेत. एक पंचांगातून आलेला. सुमारे बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येणाऱ्या अधिक मासाला आपण ‘धोंड्याचा महिना’ म्हणतो. त्यात लग्न-मुंज नाही, पण जावयाला मात्र वाण मिळते. या महिन्यात जन्मलेल्या मुलाचे नाव धोंडू ठेवण्याची रीत होती. दुसरा ओढा काशीहून आला. तेथे विश्वनाथाजवळ ढुंढिराज विनायकाचे स्थान आहे. ढुंढि म्हणजे शोधणारा. आपला ‘धुंडाळणे’ हा शब्द त्याच घराण्यातला. गणपतीच्या या नावावरून मराठीत धुंडिराज हे नाव रूढ झाले. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके (१८७०-१९४४) यांचे नाव धुंडिराज गोविंद. धुंडिराज आणि धोंडो हे मुळात वेगळे, पण कानाला शेजारी. दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक पुत्र आणि १८५७ च्या उठावाचे एक नायक नानासाहेब यांचे नाव धोंडोपंत. इंग्रजांच्या कागदांत त्याचे कधी ‘धोंडू पंत’ तर कधी ‘धुंडू पंत’ झालेले आहे. दोन शब्द कसे एकमेकांत मिसळतात, त्याचा हा मासला.

या नावाच्या माणसांनी काही थोडी कामे केली नाहीत. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूच्या कैदेतून सुटलेला धोंडजी वाघ याने वर्षभर इंग्रजांना कर्नाटकात धावायला लावले. १० सप्टेंबर १८०० रोजी तो लढाईत पडला. त्याला पाडणारा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याने धोंडजीच्या पोरक्या मुलाच्या पालनपोषणाची व्यवस्था केली. आणि ज्यांनी हे नाव अक्षरशः देवपणाला नेले ते महर्षी धोंडो केशव कर्वे. १८५८ साली जन्मले, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, १९५८ साली भारतरत्न झाले आणि १९६२ साली, वयाची शंभरी उलटून चार वर्षे झाल्यावर गेले. धोंड्यासारखे टिकावे ही नावातली इच्छा इतकी पुरेपूर फळलेली क्वचितच दिसेल.

पण नावाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. एकच धोंडा, ब्राह्मणाच्या घरी त्याला ‘पंत’ जोडला जाई, आणि गावकुसाबाहेर त्याचा ‘धोंड्या’ होई. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात चारी वर्णांची नावे कशी असावीत ते सांगितले आहे: ब्राह्मणाचे मंगल, क्षत्रियाचे बलयुक्त, वैश्याचे धनयुक्त, शूद्राचे मात्र निंद्य. म्हणजे वरच्या घरात जे नाव मृत्यूला फसवण्यासाठी हौसेने घेतलेले सोंग होते, तेच खालच्या घरात कपाळी मारलेला शिक्का ठरू शके. ‘बलुतं’ (१९७८) लिहिणारे दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. ज्यांनी अशी नावे टाकून नवी घेतली, त्यांनी आईची माया टाकली नाही. त्या नावाला लोक ज्या स्वरात हाक मारीत, तो स्वर टाकला. नाटकांतून गड्याचे नाव नेमके धोंडू किंवा धोंड्या ठेवून हशा मिळवण्याची जी सवय लागली, तिनेही या नावाची पत कमी केली.

हे नाव का लोपले, याचे सोपे उत्तर ‘फॅशन’ असे आहे. ते खोटे नाही. विसाव्या शतकात शरद, अरविंद, रवींद्र अशी नावे आली आणि जुनी नावे अडगळीत गेली. परंतु गोविंद, माधव, केशव हीही जुनीच नावे. ती अधूनमधून परत येतात. धोंडो परत येत नाही. कारण त्याचे कामच संपले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली देवीची लस यशस्वीपणे टोचली गेली. त्या दिवशी या नावाची उतरती कळा सुरू झाली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. तरी वाट लांबची होती. १९५१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १४६ पहिला वाढदिवस पाहत नव्हती. १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला. २०१५ साली नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. २०२० साली ते हजारी प्रमाण देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ होते. महर्षी कर्व्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून संततिनियमनाचा प्रचार केला. मुले जगू लागली तेव्हा ती थोडी आणि हवी तेव्हा होऊ लागली, आणि नाव हे ढाल न राहता दागिना झाले.

येथे एक इशारा देणे मला अवश्य वाटते. सगळीच तुच्छ नावे मायेची नसतात. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये ‘नकुशा’, ‘नकोशी’ अशा नावांच्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. धोंडो आणि नकुशा वरवर एकाच जातीची नावे दिसतात. पण अर्थ नेमका उलटा. मुलाला धोंडा म्हटले, कारण तो फार हवा होता आणि ते लपवायचे होते. मुलीला नकुशा म्हटले, कारण ती नको होती आणि ते लपवायचीही गरज वाटली नाही. पहिले नाव औषधाने गेले. दुसरे औषधाने जाणार नाही. ते आपण बदललो तरच जाईल.

म्हणून जुन्या वंशावळीत, जमिनीच्या उताऱ्यावर किंवा आजोबांच्या सहीत हे नाव आढळले तर हसू नये. त्या नावाच्या मागेपुढे भावंडांच्या तारखा पाहाव्यात. कधी कधी त्या तारखांतच कळते की, एका बाईने चौथ्यांदा पाळण्याची दोरी हातात धरली होती, आणि देवाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, मुलाच्या कानात तिने एक शब्द सांगितला होता.