घरी गोरमाटी, अंगणवाडीत मराठी. लेकराची बोली बंद करू नका

पैठण : तालुक्यातल्या तांड्यांवर घरात गोरमाटी बोलतात, शहरातल्या मोहल्ल्यांत दखनी. लेकरू तीन वर्षांचं झालं, अंगणवाडीत बसलं की दिवसभर मराठी कानावर पडते. सुरुवातीला ते गप्पच बसतं. मग कुणीतरी सांगतं, "घरातली बोली बंद करा, नाहीतर पोरगं मागं पडंल." अन् आईबाप ऐकतात.

इथंच घोटाळा होतो. आई ज्या भाषेत मोकळी बोलते, त्याच भाषेत ती रागावते, गोष्ट सांगते, लेकराच्या शंभर प्रश्नांना उत्तर देते. मोडक्यातोडक्या मराठीत हे बोलणं आटतं. आजीचं तर बंदच पडतं. मोजणं, रंग, लहान-मोठं एका भाषेत कळलं की दुसरीत फक्त नवा शब्द लागतो.

नवी भाषा ऐकत काही महिने गप्प राहणं, एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हा काही आजार नव्हे. मोठी माणसंही तेच करतात. दखनीतलं 'नक्को' मराठीतूनच गेलंय. आपल्या पैठणच्या एकनाथ महाराजांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त तर एक मराठीत बोलतो, दुसरा हिंदुस्थानीत.

मात्र दोन वर्षांचं लेकरू कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, तर कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तपासणी मोफत असते. तारीख अंगणवाडीताईंना विचारा. जमलं तर भूक, पाणी, शू यांचे घरातले शब्दही त्यांना लिहून द्या.