आकाशातून जंगल मोजताना जमिनीवर कोण ऐकतंय?

वाशीम जिल्ह्यातले कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य अवघे 18.32 चौरस किलोमीटरचे. बहुतेक उघडा गवताळ माळ, आणि त्याला छेदून गेलेला समृद्धी महामार्ग. अशा माळावरचे कळप वरून चांगले दिसतात. शेजारच्या मध्य प्रदेशात, शाजापूरला, ऑक्टोबर 2025 मध्ये काळवीट पकडून हलवण्यासाठी हेलिकॉप्टर वापरले गेले. त्यामुळे वनातल्या उड्डाणांची सुरक्षा हा आपल्यासाठी दूरचा विषय राहिलेला नाही.

प्राणी मोजणाऱ्या पाहणीचे विमान कमी उंचीवरून, संथ उडते, आणि अडचण इथेच आहे. विमानाचा व्हीएचएफ रेडिओ जवळजवळ सरळ रेषेत चालतो. 500 फुटांवरून त्याचा आवाज सपाट प्रदेशात जमिनीवरच्या अँटेनापर्यंत साधारण 50 किलोमीटर पोचतो. मध्ये डोंगर आला की त्याहून कमी. कारंज्याहून नागपूर विमानतळ दीडशे किलोमीटरहून लांब. म्हणजे निघताना हवाई संरक्षण विभागाचा एडीसी आणि उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक घेतला, तरी प्रत्यक्ष पाहणी चालू असताना नियंत्रकाला वैमानिकाचे बोलणे ऐकू येईलच असे नाही.

म्हणून जमिनीवर, पाहणीच्या जागेजवळ, स्वतंत्र माणूस बसवावा लागतो. त्याच्याकडे रेडिओ, नकाशा, उड्डाणाचा मार्ग, विमानातल्या माणसांची यादी आणि इंधन किती वेळ पुरेल याची नोंद हवी. अमेरिकेच्या वन खात्यात आपोआप मागोवा घेणारे यंत्र नसेल, तर वैमानिक दर 15 मिनिटांनी आपले ठिकाण कळवतो. यंत्र असेल तर उपग्रहामार्फत दर दोन मिनिटांनी ते पडद्यावर उमटते. आंतरराष्ट्रीय नियमांत अपेक्षित संदेश 30 मिनिटांत आला नाही की ‘अनिश्चितता’ टप्पा सुरू होतो. ‘नेटवर्क नसेल, येईल फोन’ असे म्हणत वाट पाहणे हा सगळ्यात महागडा निर्णय. गप्प राहण्याची मर्यादा उड्डाणाआधीच ठरलेली असली, तर ती ओलांडल्यावर कोणालाही धीर गोळा करावा लागत नाही.

2 सप्टेंबर 2009 रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात कोसळले. देशाची यंत्रणा कामाला लागूनही अवशेष सापडायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. पाचही जणांचा अंत झाला होता. पण कोणी जखमी अवस्थेत वाचले असते, तर त्याला ती अख्खी रात्र जंगलात काढावी लागली असती.

धडकेनंतर आपोआप संदेश पाठवणारे ईएलटी उपकरण अपघाताची जागा लवकर सापडावी यासाठीच असते. शोध व बचावाचे उपग्रह 1 फेब्रुवारी 2009 पासून फक्त 406 मेगाहर्ट्झचे संदेश ऐकतात, जुने 121.5 चे नाहीत. तो संदेश भारतात बेंगळुरूच्या केंद्रात पोचतो. मात्र उपकरणाची नोंदणी अद्ययावत नसेल, तर मालकाला फोन करून खात्री करून घेणेही कठीण होते.

ड्रोनमध्ये माणूस बसलेला नसतो, म्हणून शिस्त सैल होते. ते चुकीचे आहे. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. पण अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन विभागाची परवानगी लागतेच. शिवाय एप्रिल-मे मध्ये माळावरचे गवत वाळून कोरडेठाक झालेले असते, आणि आदळून फुटलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. ड्रोन कुठे पडला हे क्षणात कळले नाही, तर काळवीट मोजायला गेलेले पथकच वणव्याचे कारण ठरेल. त्यामुळे ड्रोनचे शेवटचे ठिकाण टिपणारा माणूस आणि आग विझवायला तयार असलेले दोन वनमजूर, ही या पाहणीची किमान तयारी मानली पाहिजे.

कोणत्याही पाहणीच्या परवानगीच्या अर्जात वन विभागाने एक रकाना सक्तीचा करावा: उड्डाण चालू असताना जमिनीवर कोण ऐकणार, आणि किती मिनिटांच्या शांततेनंतर तो कोणाला फोन करणार. तो रकाना कोरा असेल तर परवानगी देऊ नये.