रस्त्याखालची खडी

पंतप्रधान ग्रामसडक योजनेला २५ डिसेंबर २०२५ रोजी पंचवीस वर्षं झाली. त्याच सुमारास आमच्या तालुक्याच्या गावातला मुख्य रस्ता काँक्रीटचा करायचा म्हणून जेसीबीनं उकरला. निघालेली खडी डंपर भरभरून ओढ्याच्या काठी ओतली. बघून पोटात तुटलं.

त्यातला तळचा थर बहात्तरच्या दुष्काळातला. दुष्काळी कामावर बायांनी हातोडीनं फोडलेली खडी. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. खड्डे पडायचे, पॅचवर्क व्हायचं, पावसात वाहून जायचं.

मग २००० ते २०१० हे दशक आलं. ग्रामसडक योजनेनं वाड्यावस्त्या जोडल्या, पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या गळ्यात बांधली. हे उपकार विसरण्यासारखे नाहीत. पण गावातल्या रस्त्यावर मात्र दर दोन-तीन वर्षांनी जुन्यावरच नवं कारपेट चढत राहिलं. जुना थर खरवडून का काढत नाही, असं भर बैठकीत विचारलं, तर साहेब म्हणाले, ‘एस्टिमेटमध्ये मिलिंग धरलेलं नाही.’ धरलं का नाही, हे आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. रस्ता वर आणि घरं खाली. पेठेतल्या वाण्याच्या दुकानाला तीन पायऱ्या होत्या. एकेक करून तिन्ही गाडल्या गेल्या आणि शेवटी त्यानं उंबऱ्यावर विटांचा बांध घातला, तरी पहिल्या मोठ्या पावसात साखरेची पोती भिजलीच. इकडे गावामागची टेकडी क्रशरनं अर्धी खाल्ली. बिल निघतं ते नव्या खडीच्या ब्रासवर. जुनी खडी वाचवून कुणाचं बिल निघणार?

खरं तर खडी खराब होतच नाही. आपला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, दहा पावसाळ्यांत त्याचं काय बिघडणार? म्हातारं होतं ते डांबर: ऊन-वाऱ्यानं कडक होतं, तडकतं. म्हणून जुना रस्ता जागच्या जागी दळून नवा करता येतो. रस्त्यावर सिमेंट पसरायचं; रिक्लेमर यंत्राचं दातेरी ढोलक फूटभर खोलीपर्यंत डांबर, खडी, मुरूम एकजीव करत जातं; मग ग्रेडर, रोलर, आठवडाभर पाणी आणि वर डांबराचा पातळ थर. सिमेंट जास्त झालं तर तडे जातात, म्हणून आधी जुन्या रस्त्याचे नमुने तपासून प्रमाण ठरवावं लागतं. नवी खडी अगदी थोडी लागते, रस्त्याची उंचीही फारशी वाढत नाही.

डांबरी रस्त्यांच्या पुनर्वापराची मार्गदर्शिका, आयआरसी १२०, इंडियन रोड्स काँग्रेसनं २०१५ मध्येच काढली. उत्तर प्रदेशानं ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात याच पद्धतीनं मोठ्या प्रमाणावर रस्ते केले. खडी फोडण्यात हयात गेलेल्या आपल्या राज्यात गावोगावी ती अजून फेकली जाते, हा शुद्ध अपव्यय आहे.

तुमच्या गावात रस्त्याचं काम निघालं, की ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत एस्टिमेट मागा. जुन्या खडीचं काय करणार, ते लेखी विचारा. उत्तर हातात पडेपर्यंत जेसीबी लागू देऊ नका.