निक्कोच्या २०७ पायऱ्या

मुले जपानमध्ये नोकरीला असलेले आईवडील हल्ली दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, टोकियोहून निक्कोला जायचे ठरते आहे. झेपेल ना?" उत्तर देण्यापूर्वी मी त्यांना माझीच एक चूक सांगतो. आपणही ती ऐकावी.

निक्को हे तोचिगी प्रांतातील डोंगराळ, लहानसे शहर, टोकियोच्या असाकुसा स्थानकापासून आगगाडीने सुमारे दोन तासांवर. आठव्या शतकात शोदो नावाच्या भिक्षूने येथे पहिले मंदिर उभारले. १६१७ मध्ये शोगुन तोकुगावा इएयासू यांचे अवशेष येथे आणले गेले आणि १६३६ मध्ये त्यांचा नातू इएमित्सू याने तोशोगू देवस्थानाला आजचे वैभव दिले. हे इएयासू स्वतःची औषधे स्वतः खलत असत, हे आम्हा वैद्यकीय व्यवसायातील लोकांना विशेष वाटते.

तोशोगूच्या अश्वशाळेवर ती तीन माकडे कोरलेली आहेत, जी आपण गांधीजींमुळे ओळखतो. तेथे माकडांचे एकूण आठ फलक असून त्यांत बालपणापासूनचा मनुष्याचा जीवनप्रवास दाखविला आहे. आईने ते सावकाश पाहिले. पुढे एका दारावर झोपलेल्या मांजराचे लहानसे शिल्प आहे. त्याखालून गेले की इएयासूंच्या समाधीकडे जाणाऱ्या २०७ दगडी पायऱ्या लागतात.

आई तेव्हा ७६ वर्षांची होती. मांजरापाशी ती म्हणाली, "अरे, तू जाऊन ये, मी इथेच बसते." मी म्हणालो, "एवढ्या लांब आलोच आहोत, चल, सावकाश जाऊ." ती माझ्या शब्दाखातर चढली. उतरताना निम्म्यावर तिचे गुडघे थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती पायरीवरच बसली. नाडी जलद व क्षीण होती. चौकशी करता कळले, वाटेत शौचालय मिळेल की नाही या धास्तीने तिने सकाळपासून अर्धा कप चहाखेरीज काहीही घेतले नव्हते. रक्तदाबाची, लघवी वाढविणारी गोळी मात्र नियमाने घेतली होती. पाणी, साखर-मिठाची पूड आणि वीस मिनिटांची विश्रांती, एवढ्यावर निभावले. पडून खुब्याचे हाड मोडले असते तर दोष कोणाचा होता, हे मला पक्के ठाऊक आहे.

जिना चढता-उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो, उतरताना थोडा जास्तच. त्यातच मांडीच्या स्नायूंना प्रत्येक पावलाला शरीर आवरून धरावे लागते, आणि तेव्हा ते चढून दमलेले असतात. म्हणून 'चढता येईल का' यापेक्षा 'न थकता उतरता येईल का' हे आधी घरच्या जिन्यावर पाहावे. दोन मजले चढल्यावर छातीत जडपणा किंवा धाप जाणवत असेल तर तिकीट काढण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

लघवीची गोळी स्वतःहून बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. पाणी मात्र थोडेथोडे पीत राहावे. औषधांचा साठा एक महिन्याहून अधिक असेल तर जपानमध्ये नेण्याची परवानगी आधी मिळवावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनवर तेथे कडक निर्बंध आहेत, तेव्हा पेटीतली प्रत्येक पट्टी तपासून घ्यावी.

स्थानकापासून देवस्थानांपर्यंतचा रस्ता चढाचा आहे, तेथे बस घ्यावी. मुख्य सभागृहात पादत्राणे काढावी लागतात. एका पायावर उभे राहून बूट काढू नये, आणि मधुमेहींनी जाड मोजे घालावेत. रिन्नोजी मंदिरातील तीन भव्य सोनेरी मूर्ती आधी पाहाव्यात. त्यांतील एक सहस्रभुज अवलोकितेश्वर, दुसरा अमिताभ आणि तिसरा हयग्रीव. नावे जपानी असली तरी मूळ आपल्याकडचेच. समाधी राहून गेली तरी चालेल.

आई सावरल्यावर आम्ही हळूहळू खाली आलो आणि भैषज्यगुरू बुद्धाच्या, म्हणजे औषधदात्या बुद्धाच्या मंदिरात गेलो. तेथे छतावर मोठा ड्रॅगन रंगविलेला आहे. त्याच्या मस्तकाखाली लाकडी टिपऱ्या आपटल्या की घंटेसारखा नाद घुमतो. आईला उजव्या कानाने कमी ऐकू येते. "पुन्हा वाजवतील का रे?" तिने विचारले. पुढचा गट येईपर्यंत आम्ही थांबलो.