असं का? : एकच वर्ग, दोन फिया
अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या बर्कली इथल्या सरकारी विद्यापीठात शेजारी बसणाऱ्या दोघांच्या फीत मोठी तफावत असू शकते. २०२४-२५ साली कॅलिफोर्नियाबाहेरून आलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला ३४,२०० डॉलर जादा मोजावे लागले. असं का?

सोसायटीचा हॉल सभासदांना स्वस्तात मिळतो, कारण ते मेंटेनन्स भरतात. तसंच इथे. राज्याच्या करातून सरकारी विद्यापीठाला अनुदान मिळतं, म्हणून रहिवाशांना सवलत.

मग कॅलिफोर्नियात खोली घेतली की झालं? नाही. वर्षाहून जास्त वास्तव्य आणि कायम राहण्याचा इरादा कागदोपत्री दाखवावा लागतो. पुण्याहून स्टुडंट व्हिसावर गेलेला तर ‘बाहेरचा’च.

खासगी विद्यापीठांत सहसा हा भेद नसतो. तेव्हा सरकारी की खासगी हे ठरवताना छापील फी नव्हे, शिष्यवृत्ती वजा जाता खिशातून किती जाणार, ते ताडून पाहावं.